पितळी पाटीवरचा लॅकर पांढरा पडून सुटतोय, टिकाऊ काय मारायचं?

राजारामपुरी_७
दारावर 18 बाय 10 इंची, 3 मिमी जाडीची कोरीव पितळी पाटी आहे. पश्चिमेकडं तोंड, पावसाचा मारा थेट बसतो. उद्यमनगरात बफिंग करून घेतलं, आरशासारखी झाली. जुलैत त्यावर डब्यातला क्लिअर स्प्रे मारला. तासाभरात दुधी झाला, आणि आता स्क्रूच्या भोकांपासून काळ्या रेषा आत पसरल्यात. बफिंग परत करायला तयार आहे, पण वर काय मारू? टूके पीयू क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन), अ‍ॅक्रिलिक लॅकर की नुसतं मेण? दाराच्या मुठीही पितळेच्याच आहेत.

बफ_आणि_मॉप
दुधी पडला तो दमट हवेमुळं. थिनर उडताना पत्रा गार होतो, दवबिंदूच्या, म्हणजे हवेतली वाफ पाणी होते त्या तापमानाच्या, खाली गेला की हवेतलं पाणी ओल्या लॅकरवर बसतं. काळ्या रेषांचं कारण वेगळं. भोकाच्या धारेवर थर पातळ बसतो, तिथून ओल शिरते आणि लॅकरखालून पुढं सरकते. त्यात स्क्रू लोखंडी असतील तर गंजाचं पाणीही तिथंच मुरतं.

पाटीला अ‍ॅक्रिलिकच मारा, पण तांब्या-पितळेसाठी बनवलेला, ज्यात बेंझोट्रायझोल (तांबं-पितळ काळं पडू न देणारं रसायन) असतं तो. इन्क्रालॅक याच जातीचा. उघड्यावर साधारण तीन ते पाच वर्षं टिकतो, आणि खराब झाला की थिनरनं उतरतो. नायट्रोसेल्युलोज घेऊ नका, उन्हात पिवळा पडतो.

खरं काम लॅकरच्या आधीचं आहे. जुना थर एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या) थिनरचा बोळा दहा-पंधरा मिनिटं ठेवून काढा. बफिंगच्या वडीत चरबी आणि मेण असतं, ते कोरलेल्या अक्षरांत अडकून बसतं. आधी टर्पेंटाइन आणि मऊ ब्रश, मग कोमट पाण्यात भांड्याचा साबण, शेवटी डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी सुकलं की ठिपके सोडतं. पाणी सलग पसरून राहिलं तर पाटी स्वच्छ; थेंब फुटून गोळा झाले तर अजून तेल आहे, परत धुवा. इथून पुढं उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा आज दिसत नाही, महिन्यानं लॅकरखाली तपकिरी होऊन वर येतो. चिंच-मीठ तर आता अजिबात नको, मिठातलं क्लोराइड राहिलं की हिरवे डाग ठरलेले.

मग 100 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 3 ग्रॅम बेंझोट्रायझोल विरघळवून ब्रशनं लावा, वाळू द्या, वर आलेले पांढरे कण त्याच अल्कोहोलनं पुसा. हातमोजे हवेतच.

पाटी 40 अंशांपर्यंत कोमट करून तीन पातळ हात मारा, मध्ये 15 ते 20 मिनिटं. मागची बाजू, कडा आणि भोकांच्या आतली धारही सोडू नका; धार आधी पॉलिश पेपरनं किंचित गोल करून घ्या. भोकं लॅकरच्या आधीच पाडलेली हवीत. स्क्रू पितळेचे, खाली नायलॉन वॉशर. पावसाळ्यात हे काम नकोच, दिवाळीनंतरची कोरडी हवा धरा.

शिरोली_पेंट
पाटीबाबत सहमत, मुठींबाबत थोडं वेगळं. अ‍ॅक्रिलिक मऊ असतो, अंगठी आणि किल्ल्या लागून महिन्यांत झिजतो. तिथं टूके पीयू, तोही अ‍ॅलिफॅटिक, म्हणजे उन्हात पिवळा न पडणारा. पारदर्शक इपॉक्सी कडक असला तरी उन्हात पिवळा होतो, त्यावर जाऊ नका.

अडचण अशी की आरशासारख्या धातूला टूके धरत नाही, त्याला पकडायला चर लागते. मुठींना 320 च्या पेपरनं एकाच दिशेनं घासून साटिन (मंद चकाकीचं) फिनिश दिलं तर पकड कितीतरी चांगली बसते. आरसाच हवा असेल तर पितळेवर चालणारा अ‍ॅडहेजन प्रमोटर (पकड वाढवणारा आधीचा हात) मागा आणि आधी तुकड्यावर मारून बघा. आठवड्यानं ब्लेडनं चौकटी पाडायच्या, सेलोटेप दाबून झटक्यात ओढायची. चौकट टेपबरोबर आली तर मुठीवरही तेच होणार.

हार्डनरचं प्रमाण डब्यावरचंच धरा, अंदाजानं नाही. कमी पडला तर थर चिकट राहतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, कापडी मास्क त्याला अडवत नाही. स्वतः करू नका, ज्यांच्याकडं स्प्रे बूथ आणि बाहेरून हवा येणारा मास्क आहे अशा पेंटरकडंच द्या. आणि टूके एकदा टवका उडून सुटला की मधूनच दुरुस्त होत नाही, पेंट रिमूव्हरनं सगळं उतरवावं लागतं.

राजारामपुरी_७
मनापासून आभार. पाटीला अ‍ॅक्रिलिक, मुठी साटिन करून टूके. बुलेटचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन कव्हर आणि देवघरातली समई पण त्यातच उरकू का?

बफ_आणि_मॉप
समईला काहीच नको. ज्योतीच्या उष्णतेनं अ‍ॅक्रिलिक मऊ होतो, तेल आणि काजळी त्यातच चिकटते. धुऊन लगेच कोरडी पुसा, तेवढं पुरे.

शिरोली_पेंट
कव्हर अ‍ॅनोडाइज (विजेनं ऑक्साइडचा थर चढवणं) करू नका. ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन जास्त, एलएम6 या ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये तर 10 ते 13 टक्के. अ‍ॅनोडाइज केलं की करडं पडतं. क्लिअरही नको. दगड लागून टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि थराखाली दोऱ्यासारखा पांढरा गंज पळतो. कार्नोबा मेण लावा, पावसाळ्यात दर महिन्याला एक हात.