बेथोव्हेनची सातवी सिंफनी, दुसरा भाग: मूळ लय कोणती?

पेटीवाला, मंगळवार पेठ
मंडळी, मी भजनाला पेटीची साथ करतो. सध्या या भागानं पार वेड लावलंय. व्हायोला, चेलो, डबल बास ही गजाची तंतुवाद्यं खालच्या स्वरांत एकच ठेका धरतात: एक दीर्घ, दोन लघु, दोन दीर्घ. पेटीच्या पांढरी सहा या पट्टीला सा धरून वाजवलं. ग, ध कोमल. पण माझ्याकडचं रेकॉर्डिंग लई संथ, नुसता शोक. मूळ लय हीच का? आणि मध्येच एकदम ऊन पडल्यासारखं का होतं?

खर्ज
नाही दादा. वर ‘अलेग्रेट्टो’ (बेताचं जलद) लिहिलंय आणि बेथोव्हेननं स्वतः आकडा दिलाय, मिनिटाला 76 मात्रा. म्हणजे आपली मध्यलय. शोक आहेच, पण तो चालत राहतो. 1813 साली व्हिएन्नात पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी हा भाग पुन्हा वाजवायला लावला होता.

रंकाळाकाठ
ए म्हणजे तुमची पांढरी सहा. तिथं ए मायनरचा (उदास स्वररचना) ए मेजर (उजळ स्वररचना) होतो, म्हणून ऊन. सा तोच, ग, ध शुद्ध झाले की बिलावल थाट. तेव्हा क्लॅरिनेट आणि बासून ही फुंकीची वाद्यं ऐका, पण कान खालीही ठेवा: चेलो-बास बोटांनी तार छेडत तोच ठेका चालवतात. मला सगळ्यात भिडतं ते हेच! ऊन पडण्याआधीच्या मायनरच्या जागी नी शुद्धही लागतो, तिथं किरवाणी राग समजा.

खर्ज
जुन्या धाटणीच्या वाद्यांचं रेकॉर्डिंग घेतलंत तर ए स्वर बहुधा 430 हर्ट्झचा असतो. 440 च्या पेटीशी जुळणार नाही.

पेटीवाला, मंगळवार पेठ
76 वर वाजवलं की ओ! ठेका आता पाय धरून ओढत नाही, पुढं नेतोय. बिलावलची जागा आज रात्री बसवतो.