ब्रिजेट, बेकी आणि ठरलेला हिरो: या कादंबऱ्यांत एवढं काय आहे?

फुरसतीत
शहरातल्या एकट्या बायकांच्या नोकरी-प्रेमाच्या विनोदी कादंबऱ्या, म्हणजे 'चिक-लिट', मला आवडतात. त्यातलं हेलन फील्डिंगचं 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' परत वाचायला घेतलं आणि घरून नेहमीचा शेरा आला, "अजून हेच वाचतेस?" म्हणून हा धागा.

१९९५ मध्ये 'इंडिपेंडंट'मध्ये सदर म्हणून सुरू झालेलं हे लेखन १९९६ मध्ये कादंबरी होऊन आलं. लंडनमधली तिशी ओलांडलेली एकटी बाई रोज वजन, दारू, सिगारेटी आणि कॅलरींचा हिशेब मांडते. माझ्या मते या कादंबऱ्यांची ओढ हिरोमुळे नसतेच. बाई स्वतःलाच थापा मारते, त्या आपल्याला दिसतात आणि तिला दिसत नाहीत, सगळी गंमत तिथे आहे. एप्रिलमध्ये ब्रिजेटचं वजन एकदाचं ५४ किलोवर येतं. अठरा वर्षांची तपश्चर्या! मिरवायला पार्टीला जाते, तर जो तो विचारतो, "दमलीस का गं? बरं नाही का?" नंतर तिचा मित्र टॉम फोनवर सांगतो की आधीच बरी दिसायचीस. मी खो खो हसले, आणि मग गप्प बसले. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक
ताई, लेखणीबद्दल वाद नाही. वाद कथानकाशी आहे. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा सांगाडा उचलल्याचं फील्डिंगबाईंनीच मान्य केलंय, नायकाचं आडनावही डार्सीच. पण १८१३ च्या त्या कादंबरीत नायिकेच्या घरी, बेनेटांना, मुलगा नाही म्हणून राहतं घर भाऊबंदाकडे जाणार होतं. मुलींसाठी लग्न हा पोटापाण्याचा प्रश्न होता. ब्रिजेटला पगार आहे, प्रकाशन सोडून ती टीव्हीत नोकरी मिळवते. तरी आई ज्या भामट्याच्या नादी लागते, त्याला हुडकून आणायला पुन्हा डार्सीच! १८३ वर्षांत नायिकेच्या हाती काय लागलं? तोच डार्सी, फक्त आता वकिलीची सनद घेतलेला.

मधली_सुट्टी
रोखठोक, सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. सोफी किन्सेलाच्या 'शॉपहोलिक' मालिकेतली बेकी ब्लूमवुड (पहिलं पुस्तक २०००) घ्या. मासिकातून लोकांना बचतीचे धडे देते आणि स्वतः खरेदीच्या वेडापायी कर्जात गळ्यापर्यंत. प्रकरणांच्या अधेमधे बँकेची पत्रं येतात. 'आपला पाय मोडल्याचं वाचून वाईट वाटलं, तरी भेटीची वेळ कळवावी' अशा थाटाची. म्हणजे बेकीने काय थाप मारली ते आपल्याला बँकेच्या सभ्य उत्तरातून कळतं. असा विनोद लिहिणं येरागबाळ्याचं काम नाही.

आणि शेवट? तिच्या निष्काळजी सल्ल्याने शेजाऱ्यांचं नुकसान होतं, मग ती विमा कंपनीची लबाडी खोदून काढते आणि टीव्हीवर मांडते. हिरो तेव्हा त्याच कंपनीचा जनसंपर्क सांभाळत असतो, म्हणजे समोरच्या बाकावर! तिथे कोण कोणाला वाचवतं, सांगा.

रोखठोक
मान्य, तो प्रसंग चांगला आहे. पण पुढच्या भागात बेकी पुन्हा दुकानात. सुधारली तर मालिका बंद पडेल ना! वेंधळेपणा हाच नायिकेचा धंदा होऊन बसतो.

चष्मा_कुठाय
२००१ मध्ये ब्रिटिश कादंबरीकार बेरिल बेनब्रिज यांनी या प्रकाराला 'फेस' (froth, नुसते बुडबुडे) म्हणून उडवून लावलं होतं, कादंबरीकार डोरिस लेसिंगनीही री ओढली. मी त्यांच्या बाजूने. आयुष्य छोटं आहे, वाचायचं बरंच राहिलंय.

अंधेरी_स्लो
चष्मा सापडला की मेरियन कीजचं 'रेचल्स हॉलिडे' (१९९७) वाचा. न्यूयॉर्कमध्ये ड्रग्जच्या आहारी गेलेल्या रेचलला घरचे आयर्लंडला व्यसनमुक्ती केंद्रात आणतात. ही खुशीत, कारण तिच्या डोक्यात मसाज, सॉना आणि सेलिब्रिटी. तिथे भेटतात ढगळ स्वेटरातले मध्यमवयीन पुरुष आणि स्वयंपाकघरातली पाळी. आपण व्यसनी नाहीच, हे ती इतक्या खात्रीने सांगते की बरीच पानं आपणही फसतो. लेखिका स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेली आहे, ते ओळीओळीत जाणवतं. लोकलमध्ये हसत वाचायला घेतलं होतं, शेवटी खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं. मुखपृष्ठं गुलाबी करतात ते प्रकाशक, त्याची शिक्षा पुस्तकाला का?

चष्मा_कुठाय
हे वाचलेलं नाही. यादीत टाकतो, पण 'फेस' मागे घेत नाही.

रोखठोक
अंधेरी, रेचलबद्दल हरकत नाही. पण त्यातही शेवटी तिचा प्रियकर ल्यूक आहेच की! प्रत्येकीच्या सुधारण्याला बक्षीस म्हणून पुरुषच का? एखादीला नुसती बढती द्या.

फुरसतीत
रोमँटिक कॉमेडीत जोडी जमणार नाही, तर काय रहस्यकथेत जमणार? खुनाच्या गोष्टीत खुनी सापडतो म्हणून कोणी कुरकुरत नाही. आणि डार्सीने आणलेला तो भामटा तर ऑस्टिनच्या विकहॅमची, नायिकेच्या बहिणीला पळवणाऱ्या लबाडाचीच टिंगल आहे, ती गंभीरपणे काय घ्यायची?

बाकी ब्रिजेटचं शेवटचं पान बघा. डार्सीबरोबर रात्र झाली की पुस्तक संपत नाही, वर्षाचा ताळेबंद येतो. वाढवलेलं वजन ७२ पौंड, घटवलेलं ७३, शेरा 'उत्तम'! डार्सी त्या यादीत आहे, पण सिगारेटी आणि लॉटरीच्या बराच खाली.