गणपतीत आलेल्या फळांचं काय करू? सोपे, बिनअंड्याचे गोड पदार्थ सुचवा

मोगरा

नमस्कार मंडळी. गौरी-गणपती छान पार पडले, पाहुणे आपापल्या घरी गेले आणि आता स्वयंपाकघरात फळांचा ढीग आहे. दीड डझन केळी (सालीवर काळे ठिपके आलेत), सात सफरचंदं, सहा-सात पेरू, एक अख्खा अननस आणि नणंदेने सासवडहून पाठवलेली दहा सीताफळं. सीताफळांचं तर तुम्हाला माहीतच आहे. आज दगड, उद्या मऊ, परवा उकललेली.

साबांना (सासूबाईंना) देवापुढचं फळ टाकवत नाही आणि मलाही नाही. पण नुसती फळं चिरून किती खाणार? साबा ७८ वर्षांच्या आहेत, अंडं खात नाहीत, कडक काही चावत नाही. मुलगा ९ वर्षांचा, त्याला 'केकसारखं काहीतरी' हवंय. शनिवारी त्याचे पाच-सहा मित्र येणार आहेत. घरी कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह आहे, पण मी त्यात आजवर फक्त जेवण गरम केलंय.

मागच्या वर्षी दोन पदार्थ फसले. सीताफळाची बासुंदी केली, गर घालून दहा मिनिटं उकळली, तर ती कडवट झाली. ताजा अननस घालून कस्टर्ड केलं, तर सकाळी खाली पाणी आणि वर गुठळ्या. एवढं दूध वाया गेलं याचं फार वाईट वाटलं. फळं खराब होती की माझी पद्धत चुकली? कर्वेनगर-कोथरूडमध्ये सहज मिळेल अशा सामानातल्या पाककृती सांगा.

खमंग

आज रात्रीच्या जेवणात शिकरण करा, चार केळी संपली. बाकीच्यांसाठी वाचतेय, आमच्याकडेही हीच परिस्थिती आहे.

दुधावरची_साय

मोगराताई, फळं उत्तम होती. त्या दोन फळांना दुधाशी कसं भेटवायचं, एवढंच चुकलं.

सीताफळाचा गर उकळला की कडवट-तुरट होतो. त्याला आच लागूच द्यायची नाही. एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात निम्म्यावर आणा, कडेची साय खरवडून आत ढकलत राहा, तीन-चार चमचे साखर घाला, गॅस बंद करा. निवू द्या. मग फ्रीजमध्ये दोन तास ठेवा. पातेल्याला हात लावल्यावर गार लागलं पाहिजे. तेव्हा कुठे चार सीताफळांचा गर हलक्या हाताने मिसळायचा. वेलची, जायफळ काही नको, सीताफळाचा स्वतःचा वास पुरतो. साबांना हे नक्की आवडेल, चावायचं काही नाही.

अननसाचं उलटं. तो कच्चा दुधात जाता कामा नये. त्यात ब्रोमेलेन नावाचं द्रव्य असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून कस्टर्ड फाटतं आणि कडूही होतं. फोडी साखर घालून आठ-दहा मिनिटं चांगल्या उकळल्या की त्याचा जोर जातो. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून बेकरीवाल्यांच्या क्रीममध्ये तो बिनबोभाट राहतो. पपई आणि किवीलाही हाच नियम. जेली करायची असेल तर जिलेटिन नको, एक तर ते शाकाहारी नाही आणि कच्च्या अननसाने ते घट्टही होत नाही. चायना ग्रास वापरा, ते समुद्री शेवाळापासून करतात.

मी कुठलंही फळ हातात आलं की आधी हेच बघते, की हे आच सोसणारं आहे का. केळं, सफरचंद, पेरू खुशाल शिजवा, भाजा. अननस शिजवलाच पाहिजे. सीताफळाला गॅसपासून लांब ठेवा.

चूलबोळकी

वरच्या प्रतिसादाला +१. आता केळ्याच्या केकचं मी सांगते, दर पंधरा दिवसांनी करते.

केळी ठिपकेवाली आहेत म्हणताय, अजून दोन दिवस थांबलात तरी चालेल. साल जवळजवळ काळी झाली, देठाशी गोड वास यायला लागला की ती केकची. पिवळ्याधमक केळ्याचा केक फिका लागतो.

३ मोठी केळी (सोलून साधारण ३०० ग्रॅम) काट्याने कुस्करा. त्यात १०० ग्रॅम किसलेला गूळ किंवा साखर, पाव कप दही, ८० मिली बिनवासाचं तेल घालून फेटा. इथे फेटायला हरकत नाही. दुसऱ्या भांड्यात १८० ग्रॅम मैदा, १ छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, थोडी दालचिनी पूड, दोनदा चाळा. कोरडं ओल्यात घातलं की मात्र हात आखडता घ्या. उलथन्याने खालून वर, आठ-दहा वेळा, पीठ दिसेनासं झालं की बास. जास्त फेटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि केक रबरासारखा होतो. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की मिश्रण लगेच हलकं फुलायला लागतं, म्हणून डबा आधीच तूप-मैदा लावून तयार हवा आणि मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनवर १८० अंशाला तापलेला हवा. बुटक्या जाळीवर डबा ठेवून ४५ ते ५० मिनिटं. पहिला अर्धा तास दार उघडू नका, मध्ये बसतो. सुरी मधोमध खुपसून कोरडी आली की झाला.

धातूचा डबा फक्त कन्व्हेक्शनवर चालतो, नुसत्या मायक्रो मोडवर अजिबात नाही. हे मुलालाही सांगून ठेवा.

डबे, कागदी कप, मोजायचे चमचे हवे असतील तर रविवार पेठेत बोहरी आळीला एक चक्कर मारा. तिथे बेकिंगच्या सामानात बरीच निवड असते.

पाटावरवंटा

मैद्याऐवजी पूर्ण कणीक वापरा. मी गेली सहा वर्षं कणकेचाच करतो. पाणी जास्त शोषते, म्हणून तीन चमचे दूध वाढवायचं आणि भिजवल्यावर दहा मिनिटं थांबायचं...

चूलबोळकी

थांबू नका हो, सोडा घातलेला आहे! थांबलात तर त्याचा जोर डब्यात जायच्या आतच संपतो. कणीक चालेल, दूध वाढवणंही बरोबर, पण पहिल्यांदा करणाऱ्याने निम्मी कणीक, निम्मा मैदा घ्यावा असं माझं मत. मुलांचा पहिलाच केक जड झाला तर ती पुन्हा खात नाहीत.

पाटावरवंटा

सोड्याचं मान्य. मी बेकिंग पावडर घालतो, त्यामुळे थांबलेलं खपून जात असेल. निम्मं-निम्मं योग्य.

राजापूरची_वाट

ओव्हन नव्हते तेव्हाही आपल्याकडे केक होताच की. कोकणात याच दिवसांत धोंडस करतात. मोठी, पिवळट झालेली काकडी, ज्याला आम्ही तवसं म्हणतो, ती किसायची. आधी टोकाची चकती चाखून बघा, कडू असेल तर पुढे जाऊ नका. काकडी फळ नाही असं कुणी म्हणू नका, वेलीचं फळच आहे ते!

दोन वाट्या कीस त्याच्या पाण्यासकट, एक वाटी तांदळाचा जाड रवा तुपावर गुलाबी भाजलेला, एक वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, मीठ, वेलची. कीस आणि गूळ उकळला की रवा घालून शिऱ्यासारखं घट्ट होईपर्यंत ढवळायचं. आमची आजी हे जाड पातेल्यात थापून, खाली चुलीतली धग आणि वर झाकणावर निखारे ठेवायची. घरभर गुळाचा आणि खरपूस तांदळाचा वास सुटायचा. तळाची तांबूस खरवड कुणाला मिळणार यावर आम्हा भावंडांची रोजची भांडणं. आता पुण्यात मी तूप लावलेल्या डब्यात १८० अंशावर ४० मिनिटं भाजते. पूर्ण गार झाल्यावरच वड्या कापा, गरम असताना मोडतात. साबांसाठी मऊ, मुलांसाठी केक, आणि अंडं तर मुळात नाहीच.

सासवडवाली

सीताफळाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, आमच्या दारात झाडं आहेत.

दहाही सीताफळं एकदम पिकू देऊ नका. डोळे पसरून मधल्या रेघा पांढुरक्या-पिवळ्या झालेली आधी पिकतात, ती बाहेर ठेवा. पिकलं की लगेच गर काढून डब्यात घालून फ्रीझरला टाका.

गर मिक्सरमधून कधीच काढू नका. बिया फुटल्या तर कडू होतंच, शिवाय सीताफळाचं बी विषारी असतं, पोटात जाता कामा नये. मोठ्या भोकांची स्टीलची चाळणी पातेल्यावर ठेवा, गर त्यात घाला आणि डावाच्या पाठीने गोल गोल घासा. पांढरा दाटसर गर खाली ठिबकतो, काळ्या चकचकीत बिया वर राहतात. सालीला चिकटलेला रवाळ भाग चमच्याने वेगळा काढून शेवटी मिसळा, दाताखाली छान लागतो. गोठवलेला गर रात्री फ्रीजमध्ये उतरवून ठेवायचा, गॅसवर वितळवायचा नाही.

हिवाळ्यात आमच्याकडची अंजिरं घ्यायला विसरू नका. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. अर्धी चिरून, तुपाचा हात लावून, वर थोडा गूळ पेरून ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं. बाकी काही करायची गरज नाही.

दुधावरची_साय

सफरचंदांचं राहिलंच. क्रम्बल करा, त्यात फुगायचं काही नसतं, म्हणून बसायची भीती नाही. चार सफरचंदं सोलून फोडी, दोन चमचे साखर, लिंबाचे थेंब, दोन कुटलेल्या लवंगा, काचेच्या ओव्हनच्या भांड्यात पसरा. वर १०० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम ओट्स, ६० ग्रॅम साखर आणि ७५ ग्रॅम फ्रीजमधलं घट्ट लोणी. हे फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही, तळहाताच्या उबेने लोणी वितळतं. शेवग्याच्या दाण्याएवढ्या गुठळ्या झाल्या की फोडींवर भुरभुरवा, दाबू नका. १८० अंशावर ३५-४० मिनिटं. कडेने रस खदखदायला लागतो आणि वरचा थर बदामी होतो. हे चोळायचं काम मुलाला द्या.

मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार! कस्टर्डचं कारण आज कळलं. पेरूंचं मात्र कुणी सांगितलं नाही. साबांना बिया चावत नाहीत, त्यामुळे ते तसेच पडून आहेत.

राजापूरची_वाट

पेरूची वडी. गोव्यात तिला पेराद म्हणतात. पिकलेले पेरू चिरून, बुडतील इतक्या पाण्यात मऊ शिजवा आणि चाळणीतून घासून बिया काढून टाका. जितका गर भरेल त्याच्या पाऊणपट साखर, एका लिंबाचा रस, आणि मंद आचेवर ढवळत बसा. पाऊण तास लागतो, घाई नको. मिश्रण रटरट उडतं, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्या आणि लहान मुलांना लांब ठेवा. कडा सोडून गोळा फिरायला लागला की तूप लावलेल्या ताटात थापा. पेरूत पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे वेगळं काही न घालता वडी पडते.

मोगरा

शनिवार झाला, म्हणून लिहायला आले.

केळ्याचा केक निम्म्या कणकेचा केला. ४५ मिनिटांनी सुरी थोडी ओलसर आली, अजून सात मिनिटं ठेवला. मधोमध छान भेग पडली होती. सहा मुलांनी दहा मिनिटांत संपवला, एकाने आईसाठी तुकडा कागदात बांधून नेला. क्रम्बलचं पीठ मुलाने चोळलं, गुठळ्या जरा मोठ्या राहिल्या, त्याच सगळ्यांना जास्त आवडल्या. अननसाचा शिरा केला, फोडी आधी साखरेत उकळून आणि दुधाऐवजी पाणी घालून. धोंडसासाठी उद्या मंडईत तवसं शोधायला जाणार आहे.

सीताफळाची बासुंदी रात्री साबांना दिली. त्यांनी पहिला चमचा तोंडात धरून ठेवला, मग वाटी जवळ ओढली आणि म्हणाल्या, "माझ्या माहेरी अशी व्हायची." त्यांचं माहेर जेजुरीकडचं. वाटी संपल्यावर त्यांनी स्वतः उठून विचारलं, फ्रीझरमध्ये अजून किती डबे आहेत. तीन आहेत.