निळा दिला, जांभळा आला. तातडीने मदत हवी आहे

गोली_नंबर_एक
भावांनो, परवा ऑर्डर फायनल करायची आहे आणि डोकं फिरायची वेळ आलीय. पिवळ्याबरोबर निळा दिला होता, सॅम्पल आलं तर जांभळा. समोरचा म्हणतोय, "तुम्ही दिला तोच मारलाय." मोबाइलवर तर चकाचक निळा दिसतोय! त्यातून अजून एक घोळ. एका टूलमध्ये पिवळ्याच्या विरुद्ध रंग निळा दाखवतंय, दुसऱ्यात जांभळा. ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. बरोबर कोण ते पटकन सांगा, लेक्चर नको.

सुखवस्तू
हॉलला पिवळा-निळा अजिबात करू नका. आम्ही २०१९ मध्ये केला होता, सहा महिन्यांत कंटाळलो. आणि शेड कार्डवर विश्वास ठेवू नका. आधी भिंतीवर दोन फुटांचा पॅच मारून घ्या, सकाळी एकदा बघा आणि रात्री लाइट लावून एकदा बघा. ईशान्येच्या भिंतीला पिवळा चालतो.

गोली_नंबर_एक
काका, हॉल कुठला? जर्सी आहे. फुटबॉलची. बावीस नग.

सुखवस्तू
मग तसं लिहा की.

बॉर्डरलाइन
धागाकर्ते, मूळ माहितीच नाही. कापड कुठलं? छपाई कुठली, स्क्रीन की सब्लिमेशन? फाइल कशात दिली? टूल कुठलं?

गोली_नंबर_एक
कापड जर्सीचंच, ते गुळगुळीत जाळीचं. छपाई माहीत नाही, कागदावरून गरम करून मारतात. फाइल म्हणजे रंगांच्या पट्टीचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲप केला. पिवळा मी स्वतः शोधलाय. देवघरातल्या भंडाऱ्याचा फोटो काढला आणि ड्रॉपरने, म्हणजे ठिपक्याचा रंग सांगणाऱ्या टूलने, उचलला. आर (लाल) २५५, जी (हिरवा) २००, बी (निळा) ०. मग एका ॲपमध्ये त्याच्या समोरचा रंग घेतला: ०, ५५, २५५.

फ्लेक्सवाला_शाहूपुरी
इथंच घोटाळा आहे. स्क्रीन आरजीबी, छपाई सीएमवायके, म्हणजे सायन (आकाशी), मॅजेंटा (गुलाबी), पिवळी आणि काळी शाई. असला भडक निळा शाईत बसतच नाही. सीएमवायके केला की सायन आणि मॅजेंटा दोन्ही बरेच चढतात, आणि ते दोन्ही सारखे झाले की जांभळाच होणार. मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेव. सायन १००, मॅजेंटा ६० घे, झालं काम. वीस वर्षं हेच करतोय.

डाय_सब_इचलकरंजी
फ्लेक्सवाले दादा, फ्लेक्सला बरोबर आहे, इथं नाही. पोराने सांगितलं ते सब्लिमेशन आहे. कागदावर छापायचं आणि दोनशे अंशांच्या आसपास प्रेस करायचं, की शाईची वाफ होऊन पॉलिएस्टरमध्ये शिरते. पॉलिएस्टरच लागतं, आणि तेही पांढरं. कॉटनवर टिकत नाही. कागदावर रंग मेल्यासारखा दिसतो आणि कापडावर उठतो, म्हणून कागद बघून भांडायला जाऊ नये. यात फाइल आरजीबीच द्यायची. मशीनचा रिप, म्हणजे छपाईचं सॉफ्टवेअर, त्या शाईचं आणि कापडाचं प्रोफाइल लावून स्वतः रूपांतर करतो. तुम्ही आधीच सीएमवायके करून दिलं की एका कामाचं दोनदा भाषांतर होतं आणि उरलासुरला रंगही जातो.

फ्लेक्सवाला_शाहूपुरी
म्हणजे मशीनमध्ये शाई कुठली असते? सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅकच ना? मग?

डाय_सब_इचलकरंजी
शाई तीच, पण १००-६० ही तुमची आकडेवारी माझ्या मशीनवर वेगळाच निळा देईल आणि त्यांच्या मशीनवर तिसराच. आठ शाईंची मशीन असतील तर अजून वेगळं. आकड्याला काही अर्थ नाही.

फ्लेक्सवाला_शाहूपुरी
वीस वर्षं काय झक मारली काय मग.

बॉर्डरलाइन
दोघंही थांबा. एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: तो निळा त्या शाईच्या आवाक्याबाहेरचा आहे. सब्लिमेशनमध्ये रॉयल ब्लू जांभळा येणं हे तर रोजचं रडगाणं आहे.

टेक_मावळा
माझ्या मते व्हॉट्सॲपचा दोष. फोटो दाबून पाठवतं ते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं होतं. आणि फोन कुठला? नाइट मोड चालू होता का?

बॉर्डरलाइन
व्हॉट्सॲप कडा खराब करतं, सपाट रंगपट्टीतला निळा जांभळा करत नाही. नाइट मोडचा पिवळेपणा स्क्रीनशॉटमध्ये येतच नाही, तो फक्त आपल्या डोळ्यांपुरता. मात्र धागाकर्त्याचा फोन व्हिविड मोडवर असेल तर त्याला जे दिसतंय ते आधीच वाढवून दाखवलेलं आहे. सेटिंगमध्ये नॅचरल करा आणि मग बघा.

गोली_नंबर_एक
केलं. पिवळा एकदम वरणासारखा झाला 😐

ब्रश_१९७४
तो तसाच होता, बाळा. आणि भंडाऱ्याचा फोटो ट्यूबलाइटखाली काढलास की खिडकीत? हळद तीच, पण ट्यूबलाइटखाली हिरवट येते, बल्बखाली केशरी येते. कॅमेरा आपल्या मनाने पांढरा ठरवतो आणि बाकीचे रंग त्यावर बेततो. ड्रॉपर एकच ठिपका उचलतो. सावलीतला उचललास तर खाकी मिळेल. शेजारी कोरा कागद ठेवून, दिवसाउजेडी, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी फोटो काढ. पाच-सहा ठिकाणचा रंग उचल आणि मधला धर.
मी कलानिकेतन या चित्रकला शाळेचा. बोर्ड, पाट्या, गाड्यांचे नंबर यांत हयात गेली. कॉम्प्युटर नातीचा.

रांगोळीवाली
पण मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. पिवळ्याच्या समोर निळा की जांभळा?
दोन्ही बरोबर. रंगांची चाकं, म्हणजे रंगचक्रं, वेगळी आहेत. ॲपने स्क्रीनचं चाक धरलं, लाल-हिरवा-निळा असा प्रकाशाचा हिशोब. त्यात १८० अंश फिरलं की पिवळ्यासमोर निळा येतो. दुसरं टूल पॅलेटन असेल तर ते चित्रकारांचं चाक वापरतं, लाल-पिवळा-निळा. शाळेत चित्रकलेच्या वहीत काढायचो तेच. त्यात पिवळ्यासमोर जांभळा आणि लालसमोर हिरवा. स्क्रीनच्या चाकात लालसमोर चक्क आकाशी येतो. त्यामुळे दोन पार्ट्यांना सांगा, दोघंही जिंकलात, आता भांडू नका.

गोली_नंबर_एक
पॅलेटनच होतं! पण ताई, हे ग्रुपवर टाकलं तर भांडण वाढेल, थांबणार नाही.

ब्रश_१९७४
अजून एक. पिवळ्याला खेटून ठेवलेला निळा मुळात जांभळट दिसतोच. शेजारचा रंग आपल्या विरुद्धाकडे ढकलतो. फ्रान्समध्ये गोबेलिन्सच्या गालिच्यांच्या कारखान्यात शेवरल नावाचा रसायनतज्ज्ञ होता. तक्रार आली की काळा धागा नीट रंगत नाही. त्याने तपासलं तर धागा चोख, शेजारचे रंग त्याला फिका पाडत होते. त्याचं पुस्तक आलं १८३९ ला. तेव्हा सॅम्पल तपासताना पिवळा भाग पांढऱ्या कागदाने झाक, फक्त निळा बघ.
बाकी कोल्हापूरला रंग शिकवायची गरज नाही. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात गेले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांच्याकडे कुठलं टूल होतं?

टेक_मावळा
आजोबा, त्यांना परवा बावीस जर्सी द्यायच्या नव्हत्या.

तालीम_ते_शाहू_स्टेडियम
मला एक सांगा, पाठीवरच्या नंबराचा रंग कुठला?

गोली_नंबर_एक
पांढरा. का?

तालीम_ते_शाहू_स्टेडियम
पिवळ्यावर पांढरा?? गॅलरीतून काय टेंबे दिसणार आहे? कॉमेंट्रीवाला शिव्या घालेल.

रांगोळीवाली
अगागा. कॉन्ट्रास्ट चेकर म्हणून टूल असतं, फुकट आहे, ॲडोबी कलरमध्येपण आहे. दोन रंग टाकले की १ पासून २१ पर्यंत आकडा देतं. मी तुझा पिवळा टाकून बघितला. पांढऱ्याशी दीडच्या आसपास. वेबसाइटवरच्या मोठ्या अक्षरांना निदान ३ लागतो, बारीक अक्षरांना साडेचार. तुझा तो भडक निळा कसाबसा साडेचार. नेव्ही ब्लू टाकला तर दहाच्या वर. नंबर नेव्हीत कर. आणि चेकर नको असेल तर डिझाइनचा फोटो काळापांढरा करून बघ, नंबर विरघळला तर समज.

टेक_मावळा
पण ॲपमध्ये दोन्हींची लाइटनेस (उजळपणा) ५० टक्के दाखवत होती, म्हणजे सारखीच ना?

रांगोळीवाली
तो एचएसएलचा, म्हणजे ॲप रंग मोजतं त्या पद्धतीचा, भोंगळपणा. त्याच्या हिशोबात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही ५०. डोळ्यांना विचार. ओकेएलसीएच नावाची नवी पद्धत आहे, २०२० च्या ओकेलॅब या रंगमोजणीवर बेतलेली. त्यात उजळपणा डोळ्यांना दिसतो त्याच्या बराच जवळ येतो. पट्टी बनवायची तर तीच वापर.

मधल्या_फळीतला
भगवा का नको?

सुखवस्तू
किंवा तांबडा-पांढरा. रस्सा. 😄 आम्ही पुण्यात असलो तरी जीभ तिकडचीच.

मधल्या_फळीतला
तांबडा-हिरवा करू नका एवढंच सांगतो. माझ्या धाकट्या भावाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. २०१८ च्या वर्ल्डकपची पहिलीच मॅच, रशिया लाल आणि सौदी हिरवे. पहिली पंधरा मिनिटं तो विचारत होता, कोण कोणाला पास देतंय? तसले निळा आणि जांभळा दोन्ही रंग आत्ता त्याला दाखवले. म्हणतो, एकच रंग दोनदा का दाखवतोस?

बॉर्डरलाइन
कारण जांभळ्यातला लाल त्याला जाणवत नाही, उरतो तो निळा. म्हणजे निळा की जांभळा हा वाद तुमच्या भावापुरता मिटला.

डाय_सब_इचलकरंजी
धागाकर्ते, आता कामाचं ऐका. प्रिंटवाल्याकडे जाऊन सांगा, त्याच कापडावर, त्याच मशीनवर निळ्याचा चार्ट मारून द्या. वीस-पंचवीस चौकोन, प्रत्येकाखाली त्याचा आरजीबी आकडा. बी चढा ठेवायचा, आर शून्य, जी टप्प्याटप्प्याने ५५ पासून १५० पर्यंत. कापड बाहेर उन्हात नेऊन बघायचं. पटेल त्या चौकोनाचा आकडा फाइलमध्ये टाकायचा, मग स्क्रीनवर काहीही दिसो.

फ्लेक्सवाला_शाहूपुरी
हे मान्य. चार्ट आम्हीपण मारतो. पण १००-६० पण चालतं.

गोली_नंबर_एक
चाललो.

*(दुसऱ्या दिवशी)*

गोली_नंबर_एक
चार्ट आला. प्रिंटवाला आधी कुरकुरला, मग म्हणाला हे असलं आधी का नाही मागितलं. जी ५५ ते ८० सगळे जांभळट. १२० च्या आसपास एकदम अस्सल निळा, बिंदू चौकात उन्हात धरून बघितला. गंमत म्हणजे तोच चौकोन मोबाइलवर मोरपंखीकडे झुकल्यासारखा दिसतो. ग्रुपवर फोटो टाकल्यावर एक पार्टी म्हणाली, "मोरपंखी कुणी सांगितला?" आता सगळ्यांना कापड हातात द्यायला घरोघरी फिरतोय. नंबर नेव्ही. पिवळा खिडकीतल्या फोटोवरून परत घेतला, थोडा केशरीकडे सरकला, बरा दिसतोय.

तालीम_ते_शाहू_स्टेडियम
गोलीची जर्सी? नियमाने ती दोन्ही टीमपेक्षा आणि रेफ्रीपेक्षा वेगळी दिसली पाहिजे. पिवळा, निळा, काळा कटाप.

गोली_नंबर_एक
आयला. गोली मीच, आणि माझंच राहिलं.

रांगोळीवाली
गुलाबी कर. जोतिबाच्या गुलालासारखा. चेकरमध्ये पण पास होईल, नेव्ही नंबर छान दिसेल.

गोली_नंबर_एक
गल्लीत राहू देतील का? पण नाद करायचाच तर होऊ दे. घरात गुलालाची पुडी आहे.

ब्रश_१९७४
ट्यूबलाइटखाली फोटो काढू नकोस.