डेव्हलपर्सकडून नेटवर्कच्या परमिशन काढून घ्यायच्यात, पण त्यांचं काम अडता कामा नये

प्रश्न

आमचं सगळं एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) आहे. माणसं थोडी होती तेव्हा कुणीतरी डेव्हलपर्सच्या ग्रुपला ‘ईसीटू:*’, म्हणजे सर्व्हरच्या सेवेतल्या सगळ्या क्रिया, देऊन टाकलं आणि ते तसंच राहिलं. परवा एकाला सर्व्हरवर लॉगिन होईना, म्हणून त्याने प्रॉडक्शनच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये) लॉगिनचं पोर्ट २२ सरळ ०.०.०.०/० ला, म्हणजे अख्ख्या इंटरनेटला, उघडलं. त्याला बोलून काय उपयोग? बटण समोर होतं, दाबलं.

आता मी परमिशन वेगळ्या करायला बसले आहे. पहिली अडचण: पॉलिसीत ‘व्हीपीसी:’ने (व्हीपीसी म्हणजे क्लाउडमधलं आपलं खासगी नेटवर्क) सुरू होणारी एकही क्रिया दिसत नाही. दुसरी: टेस्ट युजरला फक्त ‘रनइन्स्टन्सेस’ (सर्व्हर उभा करायची क्रिया) आणि एक सबनेट (नेटवर्कचा एक भाग) दिलं, तर ‘अनऑथराइज्ड ऑपरेशन’ आणि खाली अगम्य अक्षरांची लांबलचक माळ. सर्व्हर उभा करता यावा पण नेटवर्कला हात लागू नये, हे कसं जमवता तुम्ही?

उत्तर १

पहिल्या अडचणीतच तुमच्या दुखण्याचं मूळ आहे. व्हीपीसी, सबनेट, राउट टेबल (ट्रॅफिक कुठून कुठे जाईल त्याचा तक्ता), सिक्युरिटी ग्रुप या सगळ्यांच्या क्रिया ‘ईसीटू:’ याच नावाखाली येतात. त्यामुळे सर्व्हर चालू-बंद करायला म्हणून दिलेल्या ‘ईसीटू:*’ बरोबर राउट टेबल पुसायची मुभाही जाते. देणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

मी परमिशनचे तीन ढीग करतो: बघणं, वापरणं, बदलणं. बघणं सगळ्यांना मोकळेपणाने द्या. ‘डिस्क्राइब’वाल्या बहुतेक क्रियांना ठरावीक रिसोर्सची मर्यादा लावताच येत नाही, तिथे स्टारच (*, म्हणजे सगळे रिसोर्स) लागतो. शिवाय नेटवर्क दिसत नसेल तर डेव्हलपर प्रत्येक टाइमआउटला तुमच्याकडे येईल. बदलणं, म्हणजे राउट, गेटवे, पिअरिंग (दोन व्हीपीसी जोडणं), एनएसीएल (सबनेटची फायरवॉल), हे फक्त नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या रोलकडे (मुदतीपुरता धारण करायच्या परमिशनच्या संचाकडे). यावर मी वाद घालत नाही.

खरी मेहनत मधल्या ढिगात आहे. ‘रनइन्स्टन्सेस’ ही एक क्रिया दिसते, पण ती चालवताना इन्स्टन्स, इमेज, व्हॉल्यूम, नेटवर्क इंटरफेस, सबनेट, सिक्युरिटी ग्रुप आणि दिली असेल तर की-पेअर (लॉगिनच्या किल्ल्यांची जोडी), या प्रत्येकावर परवानगी तपासली जाते. एक जरी सुटलं तरी नकार. सबनेट आणि सिक्युरिटी ग्रुपवर ‘ईसीटू:व्हीपीसी’ ही कंडिशन लावून डेव्हच्या, म्हणजे डेव्हलपमेंटच्या, व्हीपीसीपुरतं बांधा, बाकीचं त्यामानाने सैल चालेल. नेमकं काय अडलं ते त्या अक्षरांच्या माळेतच असतं. एसटीएसची (एडब्ल्यूएसच्या तात्पुरत्या क्रेडेन्शियल देणाऱ्या सेवेची) ‘डिकोड ऑथरायझेशन मेसेज’ ही कमांड चालवा (तिचीही परमिशन लागते, ती स्वतःला द्यायला विसरू नका). आणि दर वेळी खरा सर्व्हर उभा करू नका. कमांडला ‘ड्राय रन’ जोडलं की परवानगी आहे की नाही एवढंच कळतं.

आता पोर्ट २२. इथे बरेच जण फसतात. सिक्युरिटी ग्रुपमध्ये नियम घालायची परमिशन तुम्ही ठरावीक व्हीपीसीपुरती किंवा टॅगपुरती देऊ शकता, पण ‘नियम घाल, फक्त ०.०.०.०/० नको’ असं आयएएममध्ये (एडब्ल्यूएसच्या परमिशनच्या सेवेत) लिहिता येत नाही. पोर्ट आणि पत्ता तिथे तपासला जात नाही. म्हणून प्रॉडक्शनमध्ये ती क्रिया डेव्हलपर्सना द्यायचीच नाही, आणि डेव्हमध्ये एडब्ल्यूएस कॉन्फिगचा (सेटिंग तपासणाऱ्या सेवेचा) ‘रिस्ट्रिक्टेड एसएसएच’ हा तयार नियम पहारा देईल. तो उघडं पोर्ट दाखवतो, उघडण्याआधी अडवत नाही. त्याहून बरं, लॉगिनसाठी एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर लावा. त्याला बाहेरून आत येणारं एकही पोर्ट उघडं लागत नाही, म्हणजे ते बटण दाबायचं कारणच उरत नाही.

टॅगवर विसंबणार असाल तर ‘क्रिएटटॅग्ज’ मोकळं सोडू नका. नाहीतर प्रॉडक्शनच्या ग्रुपला कुणीही ‘डेव्ह’चा टॅग चिकटवून आत शिरेल. कुलूप लावून किल्ली दारालाच टांगल्यासारखं होईल ते. ‘ईसीटू:क्रिएटॲक्शन’ कंडिशनने टॅग लावणं फक्त रिसोर्स तयार होतानापुरतं ठेवता येतं.

उत्तर २

वरच्यांशी सहमत, पण मी एवढ्या कंडिशन लिहीत बसणार नाही. नेटवर्कचं अकाउंटच वेगळं करा आणि सबनेट रिसोर्स ॲक्सेस मॅनेजरमधून इतर अकाउंटना शेअर करा. ज्यांना शेअर केलंय ते त्यात सर्व्हर उभे करतात, स्वतःचे सिक्युरिटी ग्रुप बनवतात. राउट टेबल आणि एनएसीएल मालकाकडेच राहतं. व्हीपीसीचा डीफॉल्ट सिक्युरिटी ग्रुप मात्र त्यांना वापरता येत नाही. त्यावरून पहिल्या दिवशी बोंब होईल, आधीच सांगून ठेवा.

गूगल क्लाउडवर ही विभागणी आयतीच मिळते. तिथे ‘नेटवर्क ॲडमिन’ला फायरवॉलचे नियम बदलता येत नाहीत, ते ‘सिक्युरिटी ॲडमिन’कडे असतात. नुसता सबनेट वापरणाऱ्याला ‘नेटवर्क युजर’, तोही हवं तर एकाच सबनेटपुरता.

उत्तर ३

जुनं काढताना अंदाजाने काढू नका. एडब्ल्यूएसचा ॲक्सेस ॲनालायझर क्लाउडट्रेलच्या (कुणी कोणती क्रिया केली त्या नोंदवहीच्या) जास्तीत जास्त ९० दिवसांच्या नोंदी बघून पॉलिसीचा मसुदा बनवून देतो. पण वर्षातून एकदाच चालणारं काम त्या ९० दिवसांत दिसणार नाही, ते माणसांना विचारूनच कळतं.

आणि कुणी नोकरी सोडली तर नुसतं ग्रुपमधून नाव काढून भागत नाही. त्याने आधीच घेतलेलं रोलचं सेशन मुदत संपेपर्यंत चालू राहू शकतं. साधारण १ तास, पण रोलवर मर्यादा वाढवलेली असेल तर १२ तासांपर्यंत. रोलच्या पानावर चालू सेशन रद्द करायची सोय आहे, ती वापरा. त्या रोलवर आत असलेले बाकीचेही बाहेर पडतील, त्यांना पुन्हा लॉगिन करावं लागेल.

प्रश्नकर्ती

डिकोड करून बघितलं. मी तासभर सबनेटचा एआरएन (एडब्ल्यूएसमधलं पूर्ण ओळख-नाव) तपासत बसले होते आणि अडलं होतं की-पेअरवर! आता चालतंय. सेशन मॅनेजर आधी लावते, मगच पोर्टची परमिशन काढते, म्हणजे आरडाओरडा कमी होईल. लोड बॅलन्सरही याच ‘ईसीटू:’मध्ये येतो का?

उत्तर १

नाही, त्याचं नाव वेगळं, ‘इलॅस्टिकलोडबॅलन्सिंग:’. डीएनएसचं ‘रूट५३:’ तेही वेगळं. त्या दोन्हींवर कुणाला स्टार दिलाय का, तेही आत्ताच बघून घ्या.