पोल विजेचा, वायरी सगळ्यांच्या: तक्रार कोणाकडे करायची?

राम राम मंडळी, मदत हवी आहे.

गाव रावेर तालुक्यात. घरासमोरच्या विजेच्या पोलवर सध्या अकरा काळ्या केबली आहेत, मी गच्चीवरून मोजल्या. काही इंटरनेटच्या, काही टीव्हीच्या, दोन नुसत्याच तुटून लोंबकळताहेत. जॉइंटचा डबा तर चक्क केळीच्या सोपटाने बांधलाय! गेल्या आठवड्यात केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॅक्टरला एक केबल अडकली आणि पोल हातभर कलला. वर चालू लाइन आहे, खालून शाळेची पोरं जातात.

वायरमन भाऊ म्हणतात, "आधी केबलवाल्यांना उतरवा, मग पोल सरळ करू." केबलवाला म्हणतो, "आम्ही भाडं भरतो." पावती मात्र दाखवत नाही.

मी वाचलं ते असं: दूरसंचारच्या मार्गाधिकार नियमांच्या (दुसऱ्याच्या जागेतून, पोलवरून केबल नेण्याच्या हक्काचे नियम) 2022 च्या दुरुस्तीत पोलवरून केबल न्यायला प्रति पोल वर्षाला 100 रुपये ठरले होते, आणि 1 जानेवारी 2025 पासून दूरसंचारचे नवे मार्गाधिकार नियम लागू झालेत. म्हणजे परवानगी लागतेच ना?

मग ती परवानगी बघायला मी माहिती अधिकारात अर्ज कोणाकडे करावा? थेट विद्युत निरीक्षकाकडे (वीज सुरक्षेचं बघणारा सरकारी अधिकारी) गेलं तर चालेल का? यावल, चोपड्याकडे कोणी असं प्रकरण तडीस नेलं असेल तर अर्जाचा नमुना टाका. वैशाखातल्या वादळाआधी हे उरकायचंय, तेव्हा इथे केळी आडव्या होतात, हा पोल काय टिकणार!