अनुभव धागा : घरात फ्लू शिरला तेव्हा

आपल्याकडे फ्लूची लाट साधारण दोनदा येते, पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्च. तुमच्याकडे काय झालं, काय चुकलं, मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करते.

बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह आहे. गेल्या ऑगस्टमध्ये ताप आणि अंग मोडून येणं सुरू झालं. "व्हायरल आहे, उतरेल" म्हणून आम्ही काढा दिला, वर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही. चौथ्या दिवशी न्हाणीघरातून पलंगापर्यंत येतानाच त्यांना धाप लागली. ऑक्सिमीटर ८९ दाखवत होता, आणि आई तो पुसून पुन्हा पुन्हा त्यांच्या बोटाला लावत होती. न्यूमोनिया निघाला. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही आणि ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त गुण येतो, हे तेव्हा कळलं. ते दोन दिवस आम्ही घालवले होते. बाबा वाचले, पण पूर्वीसारखी चाल यायला दिवाळी उजाडली.

*

पुणे, २००९, स्वाइन फ्लूची साथ. मी आठवीत होते. शाळा बंद, तोंडाला रुमाल, गळ्यात आजीने बांधलेली कापराची पुरचुंडी. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगेत आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. तोच विषाणू, एच१एन१, आता मोसमी फ्लूमध्ये मुरलाय. दरवर्षीच्या लशीत त्याचाही घटक असतो.

*

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात डॉक्टरांनी फ्लूची लस दिली. मी घाबरले होते. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, आईकडून मिळेल तेवढंच संरक्षण, हे ऐकलं आणि दंड पुढे केला.

*

मी बालवाडीत शिकवते. सकाळी पॅरासिटामॉल देऊन मूल शाळेत सोडतात. अकराच्या सुमारास औषध उतरतं, डोळे लाल होतात, मूल माझ्या मांडीवर डोकं टेकतं. आठवडा संपेपर्यंत निम्मा वर्ग घरी! कळकळीने सांगते, औषधाशिवाय २४ तास ताप आला नाही, तरच पाठवा. नोकरीवाल्या आईची ओढाताण मला दिसते, तरीही.

*

काढ्याला नावं ठेवू नका. गवती चहा, आलं, गरम पेज, यांनी घशाला बरं वाटतं आणि पोटात पाणी जातं. मात्र सोबत थर्मामीटर ठेवा, ताप वेळेसह वहीत लिहा. डॉक्टरांना माझ्या वहीचाच उपयोग झाला.

*

धागाकर्ती : वही आजच घातली. लशीचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून यंदा बाबांना मे महिन्यातच लस टोचून आणली. आईलाही.